बॅटरी दाखवायची सोय नाही

अंबडच्या बसस्टँडमागच्या गल्लीत, झेरॉक्सवाला आणि चष्म्याचं दुकान यांच्यामध्ये, आठ बाय दहाचा एक गाळा आहे. त्यात शिवशंकर अकरा वर्षांपासून कॉम्प्युटर दुरुस्त करतो. गाव कुंभार पिंपळगाव. बाप इंद्रभान मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचा, तो मिरगाच्या तोंडावर परतायचा. पोराला त्यानं जालन्याला डिप्लोमाला घातलं आणि पोरानंही त्याचं चीज केलं. आज तालुक्यातल्या कितीतरी शाळांची, पतसंस्थांची, वकिलांची यंत्रं शिवशंकरच्या हाताखालून जातात.

पण लोक त्याला ओळखतात ते वेगळ्याच कामामुळं. "लालचंद शेठला ज्यानं आवाज दिला ना, तो," असं म्हणून त्याचा पत्ता सांगतात. हे ऐकलं की शिवशंकर हातातल्या कामात डोकं घालतो. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी तो हसायचा, आणि कुणी नवा माणूस समोर असला तर ती गोष्ट स्वतःच सांगायचा.

लालचंद शेठ कापडाचे व्यापारी. घराणं राजस्थानातून आलेलं, जैन, पण अंबडला इतक्या पिढ्या झाल्या की मारवाडी ते फक्त घरात बोलत. त्यांच्या दुकानात कापडाइतक्याच गप्पा खपायच्या. शेठचा आवाज असा, की गादीवरून त्यांनी "या पाव्हणं" म्हटलं की रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघायचा. इंद्रभान वर्षातून एकदा धोतरजोडी घ्यायला यायचा आणि दोन-दोन तास बसून राहायचा. लहानग्या शिवशंकरला त्या दुकानाचा वास अजून आठवतो.

सत्तरी ओलांडल्यावर शेठना गळ्याचा कॅन्सर झाला. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, स्वरयंत्र गेलं. दुकान भाड्यानं दिलं. वरच्या मजल्यावर शेठ आणि त्यांची बायको इचरजबाई अशी दोघंच उरली. मुलगा पारस जालन्यात बियाण्यांच्या धंद्यात होता. शेठ पाटीवर लिहून बोलायचे. पण इचरजबाईंना चष्मा सापडेपर्यंत बोलण्यातली गंमत निघून जायची. हळूहळू शेठनी लिहिणंही कमी केलं. खिडकीत बसायचे, रस्ता बघायचे.

एकदा शिवशंकर त्यांच्याकडं पंख्याचं बटण बघायला गेला होता. ते काम काही त्याचं नव्हे, पण इचरजकाकींनी बोलावलं म्हणून गेला. शेठ खिडकीत गप्प बसलेले दिसले. त्याला माहीत होतं की फुकट मिळणाऱ्या एका सिस्टीमवर असा प्रोग्राम चालतो, ज्यात आपण टाइप करायचं आणि यंत्रानं बोलायचं. मराठीसुद्धा. नात आयुषी पुण्याहून शिकून आली होती, तिचा जुना लॅपटॉप घरात पडून होता. शेठ कधीकाळी दुकानाची पत्रं टाइप करायचे, बोटांना सवय होती. त्यानं विचारलं, "शेठजी, करून बघू का?" शेठनी पाटीवर लिहिलं, "आयुषीच्या सगाईपर्यंत होईल?"

सगाई आठ दिवसांवर होती. पाव्हणे बीडहून येणार होते. नातीच्या सासरच्यांशी आपण स्वतः बोलावं, एवढीच शेठची हौस होती.

शिवशंकरनं आवाजाचं काम आधी दुकानातल्या कॉम्प्युटरवर जमवलं. मशीनच्या मराठीला 'ळ' नीट म्हणता यायचा नाही आणि 'चाका'तला 'च' ती 'चंद्रा'तल्यासारखा म्हणायची, पण समजायचं. लॅपटॉपवर सगळं चढवायला तो शनिवारी दुपारी बसला. सगाई रविवारी. आणि तिथं घोडं अडलं.

सिस्टीम चढली, पण यंत्र सुरू होताना अर्ध्यात थिजायचं. काळ्या पडद्यावर दहा-बारा ओळी यायच्या आणि बस्स. कारण त्याला ओळखीचं होतं. सिस्टीमचा जो गाभा असतो, ज्याला कर्नेल म्हणतात, तो यंत्र सुरू होताच सगळ्यात आधी पोटातला एक तक्ता वाचतो. बॅटरी कुठं आहे, तिच्यात किती उरलं, पंखा कधी फिरवायचा, झाकण मिटलं की काय करायचं, हे सगळं त्या तक्त्यात. त्याला एसीपीआय म्हणतात. तक्ता यंत्र बनवणारे भरतात, आणि कधी कधी अर्धवट भरतात. या लॅपटॉपचा कर्नेल तो वाचतानाच अडकत होता.

चारपर्यंत त्यानं चार-पाच उपाय केले. एकही लागू पडला नाही. पाच वाजता पारसचा फोन आला, की बाबूजी सकाळपासून दाराकडं बघून राह्यले, होतंय ना. शिवशंकर म्हणाला, होतंय. मग सुरुवातीच्या आज्ञेत त्यानं दोन शब्द घातले: एसीपीआय ऑफ. म्हणजे तो तक्ता वाचूच नको. यंत्र पाच सेकंदांत सुरू झालं. आवाज लागला. कोपऱ्यात जिथं बॅटरीचं चित्र दिसायला पाहिजे तिथं मात्र काहीच नव्हतं. कर्नेलच्या लेखी या यंत्राला बॅटरीच नव्हती. सगाई झाली की निवांत बसून हे काढू, असं त्यानं मनाशी ठरवलं. खोटं ठरवलं नव्हतं. खरंच ठरवलं होतं.

सगाईत शेठ लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. मशीनच्या त्या सपाट, नाकातल्या आवाजात त्यांनी व्याह्यांना विचारलं, की प्रवासात काही तकलीफ न्हाई ना झाली, आणि मग म्हणाले, "माझा आवाज बसलाय, माफ करा." सगळा मांडव हसला. इचरजबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. पारसनं शिवशंकरला सगळ्यांदेखत मिठी मारली. इंद्रभान त्याआधीच्या वर्षी गेला होता. तो असता तर, असं शिवशंकरला वाटून गेलं.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी शेठनी त्याला विचारलं. टाइप केलं आणि मशीन बोललं, की आयुषीच्या मोबाइलवर बॅटरी किती उरली ते दिसतं, यात कामून दिसत न्हाई?

शिवशंकरला त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण समोर काकी चहा घेऊन उभ्या होत्या, नुकत्याच म्हणाल्या होत्या की तुझ्यासारखा हुशार पोरगा तालुक्यात न्हाई. तो म्हणाला, "जुनी बॅटरी हाय शेठजी. तिच्यात दाखवायची सोय न्हाई. सकाळ-संध्याकाळ बराबर चार्जिंगला लावत जा, मंग फिकीर न्हाई."

शेठ शिस्तीचे. त्यांनी सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सात ते नऊ असा वेळ बांधून घेतला आणि सतरा महिने पाळला. या सतरा महिन्यांत शिवशंकर दहा वेळा तरी त्या घरी गेला असेल. कधी अक्षरं मोठी करून द्यायला, कधी नुसता चहाला. दरवेळी कोपऱ्यातल्या त्या रिकाम्या जागेकडं त्याची नजर जायची. दरवेळी तो म्हणायचा, पुढच्या वेळी.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी सातला गल्लीतली डीपी जळाली. दिवसभर लाइट नव्हती. सकाळचं चार्जिंग हुकलं. आदल्या संध्याकाळी पूर्ण भरलेली बॅटरी आहे, पुरेल, असा शेठचा अंदाज. पावणेदोनला इचरजबाई स्वयंपाकघरात भांडी लावताना खाली कोसळल्या. शेठ गेले तर त्यांचं तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा, डोळे उघडे.

शेठनी बटनाच्या फोनवरून पारसला लावलं, स्पीकर सुरू केला, फोन लॅपटॉपशेजारी ठेवला आणि टाइप केलं. मशीन म्हणालं, "पारस, तुझी आई," आणि पडदा काळा झाला. ना चित्र, ना सूचना, काही नाही. फुंकर मारून दिवा विझवावा तसा.

पारस तिकडून हॅलो हॅलो करत राहिला. तो एका बैठकीत होता. शेठ फोनवर बोटानं टकटक करत होते. त्याला वाटलं, बाबूजींचं मशीन अडकलं, नेटवर्क न्हाई. म्हणाला, "बाबूजी, आवाज येईना. मी थोड्या वेळानं करतो." आणि फोन ठेवला. शेठनी पुन्हा पुन्हा लावला, तो बिझी लागला.

मग त्यांनी ताट घेतलं, झारा घेतला, आणि गॅलरीत जाऊन बडवायला लागले. मे महिन्यातली दुपारची दोनची वेळ. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारं-खिडक्या मिटलेल्या. उन्हाळ्यात गावात वानरं येतात, लोक ताटं वाजवूनच ती हाकलतात. ज्यांनी ऐकलं त्यांना वाटलं, शेठकडं वानरं आली. शेठचे गुडघे गेलेले, जिना उभा. शेवटी ते एकेक पायरी बसत-बसत खाली उतरले. रस्त्यावर पाण्याचे जार टाकणारा मच्छिंद्र टेम्पो घेऊन येत होता, त्याच्या टेम्पोसमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. मच्छिंद्र वर गेला तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटं कमी होती.

अंबडच्या डॉक्टरनं जालन्याला पाठवलं, जालन्याहून संभाजीनगरला. तिथं डोक्याचा फोटो निघेपर्यंत साडेसहा झाले. असल्या लकव्यावर एक इंजेक्शन असतं, ते पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. सव्वासहाला ती मुदत संपली होती. डॉक्टर पारसला म्हणाले, दिलं असतं तर नक्की फरक पडला असता असं मी सांगू शकत नाही, पण देता आलं असतं.

शिवशंकरला हे सगळं दुसऱ्या दिवशी कळलं. तो सकाळच्या बसनं संभाजीनगरला गेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात शेठ बाकावर बसले होते, शर्टाची बटणं चुकीची लावलेली. पारस रात्रभर झोपला नव्हता. शिवशंकरला बघून म्हणाला, "किती वेळा सांगितलं होतं बाबूजींना, चार्जिंगवर ध्यान ठेवा म्हणून. ऐन टायमाला मशीन बंद." त्याचा आवाज चढत गेला आणि मध्येच तुटला.

शेठनी मान वर केली नाही. मांडीवरच्या वहीत लिहिलं आणि वही शिवशंकरपुढं धरली. "माझीच चूक. अंदाज चुकला."

शिवशंकरनं ते वाचलं. तोंड उघडलं. त्याच्या हातात काकींसाठी घरून आणलेल्या पेजेचा डबा होता, तो त्यानं बाकावर ठेवला आणि म्हणाला, "शेठजी, असं मनाला लावून घेऊ नका." यापेक्षा हलकं वाक्य आपण आयुष्यात बोललो नाही, असं तो पुढं बायकोला म्हणाला.

निघताना पारसनं त्याच्याजवळ घराची किल्ली दिली. लॅपटॉप घेऊन जा, चालतंय का बघ, बाबूजींना लागंल.

लॅपटॉप दुकानात आला. आठ दिवस टेबलाखाली पिशवीतच राहिला. शिवशंकर इतर कामं करायचा आणि पाय त्या पिशवीला लागला की दचकून मागं घ्यायचा. जेवण उतरेना. बायको रेणुकानं ताट सरकवत दोन-तीनदा विचारलं, मग एका दुपारी दुकानातच येऊन बसली. त्यानं तिला सगळं सांगितलं.

"तुमी मुद्दाम केलं न्हाई," ती म्हणाली. "अन् आता सांगून काकींचा हात उठणार हाय का? लोकं तुमच्या भरवशावर यंत्रं टाकून जातात. ते बी जाईल."

ती चूक बोलत नव्हती, आणि म्हणूनच त्याला जास्त लागलं. ती गेल्यावर त्यानं पिशवी टेबलावर घेतली.

आधी त्यानं सुरुवातीच्या आज्ञेतले ते दोन शब्द काढले. यंत्र पूर्वीसारखंच थिजलं. या वेळी त्यानं पडद्याचा फोटो काढून शेवटच्या ओळी एकेक करून वाचल्या. कर्नेल बॅटरीपर्यंत पोचत होता, तिथल्या एका प्रश्नावर अडकत होता. तक्ता विचारत होता, की तू कोणती सिस्टीम आहेस. यंत्र विंडोजसाठी बनवलेलं, म्हणून कर्नेल सवयीनं नव्या विंडोजचं नाव सांगायचा. ते नाव ऐकलं की तक्ता अशा वाटेनं जायचा जी बनवणाऱ्यांनी पुरी केलीच नव्हती. त्यानं ती ओळ आणि लॅपटॉपचा नंबर इंटरनेटवर टाकला. तिसऱ्याच ठिकाणी ब्राझीलमधल्या कुणाचा तरी हाच लॅपटॉप, हाच आजार, आणि खाली उत्तर: ते एक नाव सांगू नको, एवढीच आज्ञा दे. तारीख बघितली. उत्तर तीन वर्षांपूर्वीचं. म्हणजे सगाईच्या आदल्या दिवशीही ते तिथंच होतं.

त्यानं आज्ञा लिहिली. यंत्र सुरू झालं. कोपऱ्यात हिरवं चित्र उगवलं: बावन्न टक्के.

एकूण चाळीस मिनिटं लागली होती.

तो उठून बाहेर गेला, झेरॉक्सवाल्याच्या माठातलं पाणी प्यायला, परत आला. चार्जर लावून त्यानं बॅटरी शंभरावर नेली, मग चार्जर काढून टाकला आणि समोर बसून राहिला. एक गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या या म्हणाला. दोन तास तो ते आकडे उतरताना बघत होता. पंधरावर आले तेव्हा पडद्यावर पिवळी पट्टी आली. पाचवर यंत्रानं सगळं आवरून स्वतःला नीट बंद केलं. म्हणजे त्या दुपारी पारसला फोन लावण्याच्या कितीतरी आधी, काकी धडधाकट उभ्या असताना, पिवळी पट्टी आली असती. शेठनी मशीन मिटून जपून ठेवलं असतं. तेवढ्या उरलेल्या बॅटरीत चार वाक्यं बोलून झाली असती.

मग त्यानं यंत्राच्या नोंदी काढल्या. कधी सुरू झालं, कधी बंद झालं, याची नोंद ते ठेवतंच. त्या मंगळवारी सकाळी एक तास, दुपारी बारापर्यंत आणखी पाऊण तास, आणि शेवटी चार मिनिटं. आदल्या संध्याकाळी सात ते नऊ शेठनी नेहमीसारखंच चार्जिंगला लावलं असणार. त्यांचा अंदाज फारसा चुकला नव्हता. बॅटरी दीड वर्षात थकली होती, आणि ती थकलीय हे सांगणाऱ्याचं तोंड कुणीतरी बांधून ठेवलं होतं.

काकींना घरी आणल्याचं कळल्यावर त्यानं पारसला फोन केला, मशीन तयार आहे. पारस म्हणाला, "राहू दे तुझ्याकडंच. बाबूजी नको म्हणतात. मला ते सांभाळता येत न्हाई असं लिहून दिलं. आता तर पाटी बी घेत न्हाईत."

फोन ठेवल्यावर शिवशंकरनं गाळ्याचं शटर ओढलं आणि लॅपटॉप घेऊन निघाला. वाटेत रेणुकाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "जा. मला बी रात्रभर झोप न्हाई लागली."

काकी बाहेरच्या खोलीत पलंगावर होत्या. उजवा हात गोधडीवर, कुणीतरी ठेवून दिल्यासारखा. शेठ उशाशी बसले होते. पारस खिडकीत उभा. शिवशंकर जमिनीवर बसला. पारस म्हणाला, खुर्ची घे. तो म्हणाला, नको, इथंच बरंय.

"शेठजी, तुम्ही मला एकदा विचारलं होतं, बॅटरी कामून दिसत न्हाई. मी सांगितलं, तिच्यात सोय न्हाई. ते खोटं होतं. सोय होती. मी बंद केल्ती. सगाईच्या घाईत बंद केली अन् पुन्हा कधी चालू केली न्हाई. त्या दिवशी मशीन आधी सांगणार होतं. माझ्यामुळं सांगू शकलं न्हाई. तुमची चूक न्हाई शेठजी. माझी हाय."

खाली रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. शेठनी हळूच वही ओढली. लिहिलं, "पुन्हा सांग." शिवशंकरनं पुन्हा सांगितलं. या वेळी नोंदींचा कागदही पुढं ठेवला, कोणत्या वेळी किती चाललं ते. शेठनी चष्मा लावून तो कागद बोट ठेवत वाचला, शेवटच्या चार मिनिटांपर्यंत. मग वहीत लिहिलं, "म्हणजे मी चार्जिंग केलं होतं."

"केलं होतं. बराबर केलं होतं."

शेठनी चष्मा काढला. त्यांचे खांदे हलत होते, पण गळ्यातून आवाज येत नव्हता. ऑपरेशनच्या वेळी श्वासासाठी पाडलेल्या भोकातून नुसता वारा जात होता. ते काकींच्या डाव्या हातावर डोकं टेकून बसले.

पारस खिडकीतून वळला. त्याचा चेहरा शिवशंकरला बघवला नाही. पारस ओरडला नाही. म्हणाला, "सतरा महिने तू इथं बसून चहा पिला." मग म्हणाला, "अन् मी बापालाच बोललो. सगळ्या दवाखान्यात. माझा फोन मीच ठेवल्ता, ते कुणाला सांगितलं न्हाई." त्यानं दार उघडलं. "तू जा आता."

लॅपटॉप तिथंच ठेवून शिवशंकर गेला.

सव्वा महिना त्या घरून काही निरोप आला नाही. गावात बोलणं झालंच. पारसनं सांगितलं नसावं, पण शिवशंकरनंच विचारणाऱ्याला खरं सांगायला सुरुवात केली होती. दोन पतसंस्थांनी त्याच्याकडचं काम काढून घेतलं. त्यानं हरकत घेतली नाही. कामांची जुनी वही काढून त्यानं पहिल्या पानापासून बघितली. घाईत असाच तक्ता बंद करून दिलेली आणखी सात यंत्रं निघाली. एक पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत, एक भोकरदनला दैवशाला नावाच्या नर्सबाईकडं, बाकीची इथंतिथं. तो एकेका ठिकाणी गेला. सांगितलं, की मी तुम्हाला हे असं करून दिलं होतं, ते चुकीचं होतं. पाच नीट झाली. दोन झाली नाहीत, तर त्यांवर मोठ्या अक्षरांत चिकटवून आला, की यात बॅटरी दिसत नाही, भरवसा ठेवू नये. नर्सबाईंनी त्याला विचारलं, एवढ्यासाठी भोकरदनपर्यंत आलात? तो हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

आषाढात एके दिवशी मच्छिंद्र जार टाकायला आला तेव्हा म्हणाला, शेठनी बोलावलंय.

लॅपटॉप शेठच्या मांडीवर होता. ते वापरत होते, हे बघून शिवशंकर दारातच थबकला. शेठनी टाइप केलं. तोच सपाट, नाकातला आवाज आला. "राग हाय. जाईल का, ते मला ठाऊक न्हाई. पण इचरजला बोलायचंय. तिची जीभ जड झाली, आम्हाला शब्द कळत न्हाईत. तिला टाइप येत न्हाई. काही होतं का बघ."

शिवशंकर पलंगाजवळ बसला. पडद्यावर मोठाले चौकोन काढता येतील, काकी डाव्या हातानं चौकोनाला बोट लावतील आणि मशीन तो शब्द बोलेल, असं त्यानं सांगितलं. कोणते शब्द पाहिजेत, ते काकींनीच सांगायचे. मग तो थांबून राहिला. काकींना एकेक शब्द सांगायला पाच-पाच मिनिटं लागत होती. तो अंदाज बांधून मध्येच शब्द सुचवत नव्हता. त्या मान हलवेपर्यंत वाट बघत होता. पाणी. उशी. सामायिकाची, म्हणजे ध्यानाला बसायची वेळ. दार लोटा. भाजीत मीठ न्हाई. शेठ यावर बिनआवाजी हसले.

सहाव्या चौकोनासाठी काकी बराच वेळ घेत होत्या. ओठ पुन्हा पुन्हा जुळत आणि सुटत होते. पारस आतल्या दारात येऊन उभा राहिला होता. शिवशंकर आल्यापासून तो एक शब्द बोलला नव्हता. शेवटी त्यालाच ते आधी कळलं.

"'जेवलास का' म्हणून राह्यली," तो म्हणाला. "मला रोज विचारायची फोनवर."

शिवशंकरनं तो चौकोन केला. काकींनी डावं बोट लावलं. मशीन बोललं. काकींनी पुन्हा लावलं, आणि पुन्हा. उजवा हात गोधडीवर तसाच होता. शिवशंकरनं त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. मग त्यानं पडद्यावर सातवा चौकोन काढला आणि काकींच्या ओठांकडं लक्ष दिलं.